नखाएवढी अब्री

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपल्याकडे नेहमी कुणाला तरी हिणवण्यासाठीच वापरली जाते. जे टिकत नाही ते गंभीरपणे घेण्याजोगे नाही, असा एक दंडक आपल्या बोलण्यात मुरला आहे आणि इतिहासलेखनातही. किल्ला टिकतो म्हणून त्याचा इतिहास होतो. ताम्रपट टिकतो म्हणून त्याच्या एका ओळीवर दोन पिढ्या वाद घालतात. नखावरचा रंग चार दिवसांत खपली धरून निघतो, म्हणून तो बायकांच्या हौसेच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होतो. या सीमाभागातील अंकांतून किल्ले, घराणी, शिलालेख आणि सीमाप्रश्न यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मीही थोडे लिहिले आहे. यंदा मात्र मला नखावर लिहायचे आहे, आणि तेही इतिहास म्हणूनच. वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण वाट शेवटी विजापूरला जाते.

तेरड्याची बदनामी तशी अन्यायाचीच आहे. हिंदीत त्याला गुलमेंदी म्हणतात ते उगाच नव्हे. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असते त्याचीच सख्खी भावंडे तेरड्यात आहेत. कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून नखावर लिंपतात, वर पान गुंडाळून दोऱ्याने बांधतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर तो रंग राहिला तर मनातला माणूस मिळतो, असा तिकडे समज आहे. म्हणजे आपल्या म्हणीतल्या तीन दिवसांच्या रंगाने तिकडे श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत मजल मारायची! यात चमत्कार काही नाही. मेंदी काय, तेरडा काय, त्यांचा रंग नखाच्या द्रव्यालाच जाऊन बसतो. तळहाताची कातडी झडते म्हणून तिथला रंग पंधरवड्यात जातो. नख झडत नाही, ते वाढत वाढत पुढे सरकते. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. नागपंचमीच्या आदल्या रात्री बोटांच्या टोकांना टोप्या चढवल्यासारखा मेंदीचा लेप लावून झोपणाऱ्या आमच्या आई-मावश्यांच्या नखांवर दिवाळीच्या फराळापर्यंत तांबडी कोर दिसत असे, ती यामुळेच.

मेंदीच्या जोडीला अळिता. तो लाखेचा, म्हणजे किड्याचा रंग. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत दात, वस्त्रे आणि अंग रंगवणे ही एक स्वतंत्र कला म्हणून नोंदलेली आहे, पाकक्रिया आणि वीणावादनाच्या पंक्तीला. त्या लाखेचा शब्द मात्र फार हिंडला. संस्कृतातली लाक्षा, तिची लाख, तीच फारसी-अरबीतून फिरत पोर्तुगीजांच्या तोंडी ‘लाक्रे’ झाली. गोव्याच्या जुन्या सरकारी लखोट्यांवर जी मोहोर उठे ती या लाक्रेची. तिथून तो शब्द फ्रेंचांकडे, इंग्रजांकडे गेला आणि त्याचा ‘लॅकर’ झाला. आज दुकानात ‘नेल लॅकर’ म्हणून जी बाटली मिळते तिच्यावर आपल्याच लाखेचे नाव, परदेशी पेहराव करून, परत आलेले आहे. बाटलीच्या आत लाख मात्र नसते.

आत काय असते ते ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1846 मध्ये कापसावर आम्लाची प्रक्रिया करून जो स्फोटक कापूस बनवला, त्याचाच सौम्य भाऊ नेलपॉलिशचा पाया आहे. त्याला नायट्रोसेल्युलोज म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर हा पदार्थ रंगाच्या धंद्यात शिरला. अमेरिकेत 1923-24 मध्ये मोटारींना झटपट वाळणारा ड्यूको रंग आला तो याचाच. क्युटेक्सचे पातळ नखरंग त्याआधीच, 1917 च्या सुमारास, बाजारात आले होते. आणि 1932 साली, ऐन मंदीत, रेव्हसन बंधू आणि लॅकमन नावाचा रसायनज्ञ यांनी रेव्हलॉन काढून नख पूर्ण झाकणारे गडद रंग विकायला घेतले. आपल्याकडे टाटांच्या तेल गिरणीने 1952 मध्ये लॅक्मे सुरू केली. आमच्या लहानपणी मात्र बाटली कोणत्याही कंपनीची असो, तिचे नाव ‘क्युटेक्स’ हेच. आणि ज्यांच्या घरी क्युटेक्स येत नसे त्या मुली गुलमोहराच्या कळीची टोकदार पाकळी सोलून नखावर चिकटवत आणि लांब लांब नखे मिरवत. फुकटातली नखकला ती हीच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुलींमध्ये नखे रंगवण्याचा एक नवा खेळ आला आहे. सुटीत आलेल्या माझ्या नातीने तो आमच्या स्वयंपाकघरात मांडला. साहित्य अगदी घरचे: पाण्याची एक वाटी, नेलपॉलिशच्या तीन बाटल्या, दात कोरायच्या चार काड्या, चिकटपट्टी, व्हॅसलीन. आधी नखावर पांढऱ्या रंगाचा हात देऊन तो वाळवायचा. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी लावायची, म्हणजे नंतर बोट पुसायला सोपे जाते. मग वाटीतल्या पाण्यावर, अगदी जवळून, एका रंगाचा थेंब सोडायचा. थेंब बुडत नाही. तो क्षणात पसरून रुपयाएवढी तकाकी होतो. त्याच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा थेंब टाकला की पहिला मुकाट्याने बाजूला सरतो आणि त्याचे कडे बनते. मग तिसरा, पुन्हा पहिला. झाडाच्या बुंध्याच्या वर्तुळांसारखी एकात एक कडी तयार होतात. काडीचे टोक मध्यावर अलगद टेकवून बाहेर ओढले की कड्यांची पाकळी होते. आत ओढले की मोराच्या पिसाचा डोळा. जोर मुळीच द्यायचा नाही. मनासारखे झाले की नख आडवे करून त्या रंगावर टेकवायचे आणि खाली पाण्यात न्यायचे. बोट पाण्यातच ठेवून वरची उरलेली साय काडीने गोळा करून काढायची, आणि मगच बोट बाहेर.

यात सगळी गंमत वेळेची आहे. फ्रीजमधल्या पाण्यावर थेंब पसरायलाच तयार होत नाहीत, माठातले, घरातल्या हवेइतके असलेले पाणी उत्तम. बाटली जुनी, चिकट झालेली असली तर उपयोग नाही. आणि पंधरा-वीस सेकंदांत काडीचे काम संपले नाही तर रंगावर साय धरते आणि काडीबरोबर सगळी नक्षी ओढली जाते. नातीने आपली नऊ बोटे रंगवून झाल्यावर दहाव्याऐवजी माझी करंगळी मागून घेतली. ‘‘आजोबा, श्वास घेतलात तरी चालेल, पण बोट हलवू नका,’’ अशी ताकीद मिळाली. सत्तरीच्या माणसाने करंगळीला निळी-पांढरी-तांबडी नक्षी लावून दूध आणायला जावे की नाही, याची चर्चा आमच्या घरी दोन दिवस चालली. ती इथे नको.

सांगायचे आहे ते असे, की ते नख चष्म्याजवळ धरून पाहिले तेव्हा ती नक्षी मला नवी वाटली नाही. ती मी ओळखत होतो. विजापूरच्या एका घोड्याच्या अंगावर ती मी पाहिली होती.

तो घोडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. हाडे वर आलेला, मान टाकलेला, उपासाने मरणपंथाला लागलेला एक घोडा आणि त्याच्यावर तसाच खंगलेला स्वार. काळ इसवी सन 1625 च्या सुमाराचा, गाव विजापूर, चित्रकार अज्ञात. हडकुळ्या घोड्याचा विषय इराणी चित्रकलेतून आलेला आहे. सूफी विचारात घोडा म्हणजे ताब्यात ठेवायचा देह, ‘नफ्स’. पण इराणी चित्रांत जे रेषेने काढले जाते, ते विजापूरच्या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांच्या लाटांतून उचलले आहे. अशी चित्रे एकदोनच नाहीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला त्यांचा एक गटच आहे. काहींत आकृती लाटांची आणि भोवतालचा कागद साधा. काहींत त्याच्या उलट.

या कागदाचे फारसी नाव ‘अब्री’. ‘अब्र’ म्हणजे ढग. आपल्या संस्कृत ‘अभ्र’ची ती सख्खी बहीण. तुर्कांनी त्याचे ‘एब्रू’ केले, आणि 2014 मध्ये युनेस्कोने तुर्कस्तानच्या एब्रूची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. जपानात पाण्यावर शाई सोडून कागद रंगवण्याची सुमिनागाशी बाराव्या शतकातही होती. म्हणजे या विद्येचा जन्म दख्खनेत झाला असा दावा कुणी करू नये. तसले दावे करायची आपल्याकडे एक खोडच आहे. परंतु अब्रीच्या कागदातून माणूस, घोडा, साधू उभा करण्याचे धाडस जितके दख्खनेत झाले तितके दुसरीकडे क्वचितच झाले.

ते करत कसे असतील, हे कोडे एका अमेरिकन कारागिराने सोडवायला घेतले. क्रिस्टोफर वाइमन हा स्वतः अब्रीचे कागद बनवणारा. त्याने या जुन्या चित्रांचे निरीक्षण करून, तसे कागद पुन्हा पुन्हा स्वतः बनवून पाहिले आणि 1983 मध्ये आपले निष्कर्ष छापले. 1988 मध्ये तो अकाली गेला. पद्धत अशी: पाणी नुसते घ्यायचे नाही, ते डिंकाने किंवा मेथीने बुळबुळीत करायचे, म्हणजे रंग त्यावर तरंगून राहतो आणि नक्षीसाठी हाताला उसंत मिळते. रंगात जनावराचे पित्त मिसळायचे, म्हणजे थेंब पसरतो. कागदाला आधी तुरटीचे पाणी द्यायचे, म्हणजे रंग धरतो. आणि जेवढ्या भागावर नक्षी नको तेवढा भाग कातरलेल्या कागदाने किंवा डिंकाच्या लेपाने झाकायचा. घोड्याच्या अंगावर एक नक्षी आणि झुलीवर दुसरी हवी असेल तर तोच कागद झाकून, वाळवून, पुन्हा पाण्यावर टाकायचा.

आता नातीची वाटी आठवून पाहा. मेथीच्या बुळबुळीत पाण्याऐवजी माठाचे पाणी. पित्ताऐवजी बाटलीतला द्रव. तुरटीऐवजी पांढऱ्या रंगाचा हात. डिंकाच्या लेपाऐवजी नखाभोवतीची चिकटपट्टी. थेंबात थेंब, त्याची कडी, सुईने ओढलेली पाकळी आणि वर एकदाच टेकवायचा पृष्ठभाग, हे सगळे तेच आहे. हा खेळ विजापूरहून वारशाने तिच्यापर्यंत आला असे मी म्हणत नाही. मधला धागा तुटलेला आहे; तिने तो एका मैत्रिणीकडून घेतला. पण विद्या तीच आहे.

थेंब बुडत का नाही, याचेही उत्तर एका स्वयंपाकघरातूनच आले, म्हणून ते सांगण्याचा मोह होतो. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. नेलपॉलिशमध्ये ब्यूटिल ॲसिटेटसारखे द्रव असतात. ते पाण्याहून हलके, आणि पाण्याचा ताण त्यांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून पाणी थेंबाला चहूकडून ओढून पातळ करते. या पातळ सायींचे मोजमाप करण्याची पद्धत शोधली ती आग्नेस पोकेल्स या जर्मन बाईने. 1862 चा तिचा जन्म. मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता, आजारी आईवडिलांची सेवा आणि घर तिच्याकडे. भांडी घासताना पाण्यावर तेलकट साय कशी वागते ते ती पाहत राहिली आणि घरच्या घरी पत्र्याचे एक पन्हाळे बनवून तिने वर्षानुवर्षे मापे घेतली. अखेर तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले, आणि त्यांनी ते 1891 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणले. ब्रुन्सविकच्या तंत्रविद्यालयाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती 1932 साली, म्हणजे रेव्हलॉन निघाली त्याच वर्षी. ‘बायकांच्या वाटीतले उद्योग’ म्हणून जे नाक मुरडतात त्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

अब्रीचे पुढे काय झाले? सतराव्या शतकात ती तुर्कांकडून युरोपात गेली आणि तिथल्या पुस्तकबांधणीवाल्यांनी ती उचलली. 1775 मध्ये अमेरिकेच्या बंडखोर वसाहतींनी वीस डॉलरची जी नोट काढली तिच्या एका कडेला अब्रीचा कागद होता. तीच नक्षी दुसऱ्यांदा उठत नाही, म्हणून खोटी नोट पकडता यावी हा हेतू. हिशेबाच्या बांधीव वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तर अब्रीचे राज्यच होते. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या कचेऱ्यांतली, पेढ्यांवरची जाडजूड रजिस्टरे हाताळली आहेत, त्यांना पुठ्ठ्यावरचा तो निळा-तांबडा, शिंपल्यासारखा कागद आठवेल. पुढे तो छापखान्यात छापला जाऊ लागला. दख्खनेतून निघालेल्या नसल्या तरी दख्खनेत बहरलेल्या कलेचा छापील ठसा इंग्रजी अमलात वहीच्या पुठ्ठ्यावरून आमच्या हाती आला, आणि तो विलायती माल म्हणून आम्ही घेतला.

विजापुरात काय उरले, हा प्रश्न मला अधिक बोचतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (1580 ते 1627) दखनी बोलीत ‘किताबे नौरस’ लिहिले, त्याच्या पदरी चित्रकार होते, गवय्ये होते. शहाजीराजे 1636 नंतर ज्या दरबारच्या चाकरीत होते तो दरबार त्याच्या मुलाचा, गोल घुमटाखाली निजलेल्या महंमद आदिलशहाचा. त्याच नगरीत कुठेतरी मेथी भिजवलेली परात ठेवून एक माणूस थेंब टाकत बसला होता. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. असर महालात राहिलेला ग्रंथसंग्रह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी लंडनला नेला. अब्रीची चित्रे न्यूयॉर्कला आणि इतरत्र पांगली. 2015 मध्ये मेट्रोपोलिटन संग्रहालयाने दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले, त्याच्या ग्रंथात अब्रीवर स्वतंत्र लेख आहे. मला हा घोडा प्रथम भेटला तो छापील चित्रातच.

बेळगावहून विजापूर, म्हणजे 2014 पासूनचे विजयपुरा, दोनशे किलोमीटरच्या आसपास. 1956 पर्यंत दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते, आता दोन्ही कर्नाटकात आहेत. या भूमीवर कुणाचा हक्क किती, याचा हिशेब आपण जीव तोडून मांडतो, आणि तो मांडू नये असे मी म्हणणार नाही. त्यात माझी हयात गेली आहे. पण वारसा सांगताना आपण किल्ला सांगतो, घुमट सांगतो, फर्मान सांगतो. अब्रीचे नाव मराठीभाषकाच्या तोंडी नाही आणि माझ्या कन्नड मित्रांच्याही नाही. हक्काच्या वादात ज्या वस्तूवर कोणीच हक्क सांगितला नाही, अशी ती वस्तू.

कारण कदाचित तेच, तेरड्याचे. पाण्यावरचे काम पक्के मानायचे नाही, अशी आपली रीत. आमच्या बायका पाण्यावर रांगोळी काढतात: परातीतल्या स्थिर पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड भुरभुरवून तिचा काळा थर करतात आणि त्यावर पांढरी रांगोळी सोडतात. वारा लागला की संपली. देवळातल्या उत्सवात लोक ती पाहून ‘वा’ म्हणतात आणि पुढच्या दर्शनाला जातात. काढणारीचे नाव कुणी विचारत नाही. घोड्याच्या चित्रकाराचेही नाव कुणी लिहून ठेवलेले नाही.

नखाचा खेळ संपल्यावर वाटीत थोडा रंग उरला होता. नात तो टाकून देणार तेवढ्यात मी एक कोरे पोस्टकार्ड त्यावर पालथे घातले. निळ्या लाटांचा एक गोल त्यावर उठला. मग आम्ही मेथी भिजत घातली: मूठभर दाणे, तांब्याभर पाणी, रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळले. तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद तयार आहेत. चित्रकलेच्या दुकानातले पाण्यात मिसळणारे रंग आणले आहेत. पित्ताचे काय करायचे यावर घरात एकमत होत नाही. नातीचे म्हणणे, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरेल.